फुली मारलेलं पातं

वेंड्लरांनी आपल्या लाकूडगिरणीच्या शंभर वर्षांचं पुस्तक काढलं, ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा कुतूहल म्हणून, दुसऱ्यांदा विश्वास बसेना म्हणून, आणि तिसऱ्यांदा आईला मोठ्यानं वाचून दाखवायचं होतं म्हणून. गुळगुळीत कागद, जुने फोटो, पहिल्याच पानावर थिओडोर वेंड्लर मिशा पिळून बसलेले. आणि पान एकतीसवर दोन ओळी : 'सन १९६६. धारमिस्त्री बेलार्मिनो कारिमान याच्या हलगर्जीपणामुळे पातं फुटून करवतीवरचा कामगार एवारिस्तो साल्दिविया याचा मृत्यू. गिरणीच्या इतिहासातला एकमेव काळा दिवस.'

बेलार्मिनो कारिमान माझे वडील. एवारिस्तो साल्दिविया माझा सख्खा मामा. आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जिनं त्याच गिरणीच्या पात्यांना धार लावली, ती ओर्फेलिना साल्दिविया, माझी आई. तिचं नाव पुस्तकात कुठंही नाही. मालकांच्या तीन कुत्र्यांची आहेत.

मी वाचून थांबले. आई चुलीजवळ बसून माते या कडू पानांच्या चहाचा पेला हातात धरून ऐकत होती. त्र्याऐंशी वर्षांची बाई. म्हणाली, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिनं पेला खाली ठेवला. "छापलं," ती म्हणाली. "आजवर नुसतं बोलत होते. आता मेल्यांनी छापलं."

पुस्तकात लिहिलंय की १९२३ साली थिओडोर वेंड्लर 'निर्मनुष्य किनाऱ्यावर' उतरले आणि 'केवळ स्वतःच्या मनगटाच्या जोरावर' त्यांनी चिलीतल्या या तळ्याकाठी, आमच्या पुएर्तो कोइवे गावात, गिरणी उभारली. आमच्या घरात ही गोष्ट वेगळी सांगतात, आणि ती सांगताना कुणी मिशा पिळत नाही. वाफेचं इंजिन तळ्यातून होडीनं आलं आणि किनाऱ्याच्या दलदलीत कमरेपर्यंत रुतलं. अकरा दिवस रुतलेलं होतं. शेवटी माझ्या पणजोबांनी, म्हणजे बाबांच्या आजोबांनी, कारिमानांच्या आणि शेजारपाजारच्या मिळून चौदा बैलजोड्या जुंपल्या तेव्हा ते वर आलं. दोन बैल त्यात मेले. ते इंजिन ठेवायला जागाही पणजोबांनीच दिली. "काही वर्षं वापर, मग बघू," असं म्हणून. दोन वर्षांनी थिओडोर शहरातून एक कागद घेऊन आले आणि जागा त्यांची झाली. पणजोबांना वाचता येत नव्हतं. निर्मनुष्य किनाऱ्यावर चौदा बैलजोड्या कुठून आल्या, हे मी आता कुणाला विचारू?

पण आईचा राग त्या जमिनीचा नाही. जमीन गेली तेव्हा ती जन्मलीही नव्हती. तिचा राग एका सोमवारचा आहे.

बाबा गिरणीत धारमिस्त्री होते. गोल करवतीचं पातं पुरुषभर उंचीचं, त्याचे दाते कानशीनं घासायचे, वाकवायचे, पातं ऐरणीवर घेऊन हातोड्यानं ठोकून सरळ करायचं. हे काम डोळ्यांचं कमी आणि कानाचं जास्त. बाबा बोटाच्या पेरानं पात्यावर टकटक करायचे आणि डावा कान लावून ऐकायचे. उजवा कान ठोकाठोकीनं केव्हाच गेला होता. हाडकुळे, हळू बोलणारे, कुणी अंगावर आलं तर दोन पावलं मागं सरणारे. पात्यापुढं मात्र मागं सरत नसत. कुठं चीर दिसली, केसाएवढी का असेना, की निळ्या खडूनं त्यावर फुली मारायचे आणि पातं भिंतीवरच्या वेगळ्या खुंटीला टांगायचे. निळी फुली म्हणजे हे पातं मेलं. हा गिरणीतला नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता.

एवारिस्तोमामा बरोब्बर उलटा. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, येईल त्याची टर उडवणारा. ओंडका पात्यावर घालायचं काम त्याचं. त्यानंच बाबांना पहिल्यांदा घरी जेवायला आणलं आणि आईला म्हणाला, "ओर्फे, ह्याला वाढ. हा खात नाही, नुसता ऐकतो. माझी मान ह्याच्या कानावर टिकून आहे." ते दोघं असे एकमेकांच्या भरवशावर जगायचे. दुसऱ्या कुणी धार लावलेलं पातं मामा चढवू द्यायचा नाही.

लग्नानंतर बाबा गावातल्या लोकांच्या सरपणाच्या लहान करवती घरी आणून घासायचे. आई पातं धरायची. धरता धरता शिकली. "कसं वाजतंय?" बाबा विचारायचे. पहिल्या वर्षी ती म्हणायची, "टण वाजतंय, अजून कसं वाजणार?" तिसऱ्या वर्षी ती चुलीपाशी पाठ करून उभी असताना म्हणाली, "त्या कडेला बद्द आहे बघा." बाबांनी बघितलं. होतं.

आता तो सोमवार. मी चार वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. पण आईनं हे इतक्यांदा सांगितलंय की मला वाटतं मी तिथंच उभी होते.

रेल्वेच्या स्लीपरांची मोठी मागणी होती आणि माल न्यायला बोट दोन दिवसांत लागणार होती. मालक तेव्हा थिओडोरचा मुलगा हेल्मुट. शनिवारी बाबांना मोठ्या पात्यात, दोन दात्यांमधल्या खाचेत, चीर सापडली. त्यांनी फुली मारली, पातं खुंटीला टांगलं आणि हेल्मुटला जाऊन सांगितलं. सोमवारी सकाळी बाबा धक्क्यावर गेले, नव्या कानशी बोटीनं यायच्या होत्या त्या आणायला. इकडं दुसऱ्या पात्याखाली ओंडक्यात रुतलेला दगड आला आणि त्याचे दाते गेले. गिरणी थांबली. पाती चढवायचं काम रोसामेल नावाच्या चोवीस वर्षांच्या माणसाकडं होतं. हेल्मुटनं त्याला खुंटीवरचं पातं दाखवलं.

"त्यावर फुली आहे, मालक."

"पूस."

एवढंच. रोसामेलनं बाहीनं पुसलं आणि पातं चढवलं. मामाला कुणी सांगितलं नाही. त्याला वाटलं, बेलार्मिनोचं पातं आहे, बघायचं काय. तिसऱ्या ओंडक्याला पातं फुटलं आणि त्याचा ताटाएवढा तुकडा मामाच्या मानेत शिरला.

बाबा कानशींचं खोकं खांद्यावर घेऊन परत आले, तेव्हा सगळे मामाभोवती उभे होते. आईला बोलावणं गेलं, ती अनवाणीच धावत आली. ती सांगते, तिनं आधी भाऊ बघितला. मग, का कोण जाणे, तिची नजर रोसामेलच्या हाताकडं गेली. त्याची उजवी बाही निळी होती.

"ही बाही कशी निळी झाली रे?" तिनं विचारलं. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तिनं हे विचारलं. रोसामेलनं हात पाठीमागं लपवला.

चौकशीला कुणी एक साहेब आला. हेल्मुटच्या घरी जेवला, गिरणीत फिरला. हेल्मुट म्हणाला, पात्यावर कसलीच खूण नव्हती, धारमिस्त्र्यानं चीर बघितलीच नाही. रोसामेललाही विचारलं. तो म्हणाला, "मला फुली दिसली नाही." बाबा म्हणाले, "मी मारली होती." एवढंच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणालेसुद्धा नाहीत. आईनं बाहीचं सांगितलं, तेव्हा साहेब हसला. "बाई, नवऱ्यासाठी बायको काहीही बघते."

मामाला पुरलं त्या दिवशी माझी आजी डोमितिला, आईची आई, सगळ्या गावासमोर बाबांपुढं येऊन उभी राहिली. "माझं पोर तुझ्या कानावर जगत होतं," ती म्हणाली, "आणि तू झोपलास. खुनी." मग आईकडं वळली. "ह्याच्या घरात राहणार असशील, तर माझ्या दारात येऊ नकोस." आई बाबांच्या घरात राहिली. आजी अकरा वर्षं जगली. त्या दोघी एकमेकींशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत. मामाची बायको आम्हाला बघितलं की रस्ता बदलायची. तिचा एक वर्षाचा मुलगा निबाल्दो, तो मोठा झाल्यावर त्याच्या आईसारखाच रस्ता बदलायला शिकला.

बाबांना कुठल्याच गिरणीत काम मिळेना. वेंड्लरांचा शब्द सगळ्या तळ्याकाठी चालायचा. सहा महिन्यांनी ते डोंगर ओलांडून अर्जेंटिनात गेले, तिकडच्या एका गिरणीत लागले. पत्रं यायची. 'इथली माणसं बरी आहेत. हिवाळा संपला की तुम्हाला नेतो.' चार हिवाळे संपले. पाचव्यात छातीचा आजार होऊन ते तिकडंच गेले. कळवणारं पत्र आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा त्यांना पुरून महिना झाला होता, आणि खिंडीत बर्फ होतं. आई गेली नाही. जाऊ शकली नाही. तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

पण त्याच्या आधीच, १९६८ साली, हेल्मुट वेंड्लर आमच्या स्वयंपाकघरात आले होते. बाबांच्या जागी त्यांनी शहरातून मिस्त्री आणला होता. त्याच्या पात्यांतून फळ्या लाटांसारख्या वाकड्या निघत होत्या. दुसरा आणला, तो पळून गेला. गावात सगळ्यांना माहीत होतं, बेलार्मिनोच्या बायकोला ते काम येतं.

हेल्मुट दारातच टोपी हातात धरून उभे राहिले. "ओर्फेलिनाबाई, जुनं उगाळत बसण्यात अर्थ नाही."

"मग उगाळू नका. लिहून द्या. फुली होती, एवढंच."

"ते आता कागदोपत्री झालंय."

"कागद तुमच्या घरात भरपूर असतात, मालक. तुमच्या वडलांनाही कागद बरोब्बर सापडायचे."

हेल्मुट लाल झाले. पण फळ्या वाकड्या निघत होत्या. "काम पाहिजे की नको?"

घरात मी होते, पाठचा भाऊ होता, आणि डब्यात पीठ नव्हतं. आई म्हणाली, "पाहिजे. पण धारखोलीत मी सांगेन तेच होणार. फुली मारलेलं पातं खोलीबाहेर जाणार नाही. तुम्हीसुद्धा आत यायचं तर दार वाजवून यायचं."

लोकांनी तिला काय काय म्हटलं, ते मी इथं सगळं लिहीत नाही. विहिरीवर, दुकानात, चर्चच्या दारात. "भावाचं रक्त सुकलं नाही आणि ही तिथंच चाकरीला." एकदा एका बाईनं तिच्यासमोर थुंकून म्हटलं, "निदान तुझ्या नवऱ्याला लाज तरी होती, निघून गेला." आईनं भाजीची टोपली खाली ठेवली आणि म्हणाली, "तुझा नवरा गिरणीत कशासमोर उभा राहून काम करतो? पात्यासमोर ना? मग माझ्यापुढं थुंकताना जरा विचार कर." त्या बाईचा नवरा पुढं बावीस वर्षं त्या करवतीवर होता आणि दहाही बोटं घेऊन घरी बसला.

आई रागानं काम करायची. लहानपणी मला वाटायचं धार लावणाऱ्या सगळ्याच माणसांचे ओठ असे घट्ट मिटलेले असतात. ती हेल्मुटशी पात्याशिवाय कशावरही बोलायची नाही. रोसामेलशी तर एक शब्दही नाही. तो पाती न्यायला यायचा, दार वाजवायचा, ती बोटानं दाखवायची. हे पातं, ते नाही. अठ्ठावीस वर्षं नुसतं बोट.

१९७९ साली पुन्हा तसाच प्रसंग आला. पुन्हा मोठी मागणी, पुन्हा बोटीची घाई, आणि आईनं सकाळीच मोठ्या पात्यावर फुली मारली. हेल्मुट दार न वाजवता आत आले. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, तिला जेवण द्यायला आले होते आणि कोपऱ्यात उभी होते.

"दाखव कुठं चीर आहे," हेल्मुट म्हणाले.

आईनं त्यांचं बोट धरून खाचेवर ठेवलं.

"हिला चीर म्हणतात? ही रेघ आहे. आजचा दिवस चालेल."

"माझ्या भावाचं पातंही आजचा दिवस चालणार होतं."

"ओर्फेलिना, ही गिरणी माझी आहे."

"हो. गिरणी तुमची." आईनं कोपऱ्यातला घण उचलला. "आणि मान दुसऱ्याची."

तिनं पातं ऐरणीवर ओढलं आणि घण घातला. एक, दोन, तीन. तिसऱ्या घावाला ते त्याच चिरेवर उभं फाटलं. तुकडा फरशीवर वाजत गेला आणि हेल्मुटच्या बुटाशी थांबला. आईला धाप लागली होती. "आता जोडा," ती म्हणाली. बाहेर सगळी गिरणी थांबून ऐकत होती. हेल्मुटनी बुटानं तुकडा बाजूला सारला. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही. काढून आणणार कुणाला? जाताना त्यांनी दार मात्र हळूच लावलं.

तिच्या अठ्ठावीस वर्षांत त्या गिरणीत पातं फुटून एकही माणूस मेला नाही, की जायबंदी झाला नाही. तळ्याच्या पलीकडच्या दोन गिरण्यांत मिळून सात मेले. हा इतिहास नाही होय? हे एखाद्या पानावर, कुत्र्यांच्या फोटोखाली का होईना, मावलं नसतं? ती निवृत्त झाली तेव्हा तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं. तिनं ते कोंबड्यांच्या खुराड्यात टांगलं. "त्यांना कामाला वेळेवर उठावं लागतं," म्हणाली.

गिरणी २००९ साली बंद झाली. हेल्मुट त्याआधीच गेले. त्यांची मुलगी गुद्रुन हिनं तिथं पाहुण्यांसाठी लाकडी घरं बांधली आणि धारखोलीत कॉफीची टेबलं मांडली. शंभर वर्षांचा सोहळा तिनंच ठरवला, पुस्तकही तिनंच लिहिलं. ती वाईट बाई नाही, असं सगळे सांगतात. रस्त्यात भेटली की हसते. पण पाच मिनिटांच्या अंतरावर आई राहते आणि तिला एकदाही विचारायला आली नाही. छापील निमंत्रण तेवढं पाठवलं : 'माजी कामगारांचे कुटुंबीय.'

"जायचं नाही," मी म्हणाले.

"जायचं," आई म्हणाली. "माझे काळे बूट पुस."

शाळेच्या खेळघरात कार्यक्रम होता. बँड, झेंडे, सफरचंदाची दारू, भाजलेल्या कोकरांचा वास. पहिल्या रांगेत रोसामेलकाका बसले होते, एक्याऐंशी वर्षांचे, छातीवर फूल खोवून. सगळ्यांत जास्त वर्षं नोकरी केली म्हणून त्यांना पदक द्यायचं होतं. तीन रांगा मागं निबाल्दो, मामाचा मुलगा, आता स्वतःच अठ्ठावन्न वर्षांचा, आपल्या पोराबाळांसह. गुद्रुननं भाषण केलं, आजोबांच्या मनगटाचं कौतुक केलं, आणि मग ती म्हणाली, "आपण आपल्या एकमेव दुःखद दिवसाचीही आठवण ठेवली आहे."

आई उभी राहिली. मी तिचा कोपर धरला, तो तिनं झटकला. ती गुद्रुनशी बोललीच नाही. पहिल्या रांगेपर्यंत चालत गेली आणि रोसामेलसमोर थांबली. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा तिनं त्याच्याशी तोंड उघडलं.

"रोसामेल. तुझी बाही निळी कशी झाली?"

खेळघरात कुणाला काही कळलं नाही. त्याला कळलं. त्यानं मान खाली घातली.

"मी तुला एकदाच विचारलं होतं. आज दुसऱ्यांदा विचारते. तिसऱ्यांदा विचारायला मी जिवंत असेन नसेन. सांग."

"ओर्फेलिनाबाई," गुद्रुन माइकवरून म्हणाली, "हे आपण नंतर निवांत—"

"तू गप्प बस," रोसामेल म्हणाले. गुद्रुनला. आयुष्यभर ज्यानं वेंड्लरांपुढं टोपी काढली, तो माणूस वेंड्लरांच्या मुलीला गप्प बस म्हणाला. मग उठून उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक होता, पण त्या खेळघरात चमचासुद्धा वाजत नव्हता.

"फुली होती," ते म्हणाले. "बेलार्मिनोनं मारली होती. मालक म्हणाले पूस, मी पुसली. मीच चढवलं ते पातं. एवारिस्तोला सांगितलं नाही. नंतर विचारलं तेव्हा खोटं बोललो."

"इतकी वर्षं?" आई म्हणाली.

"आधी नोकरीची भीती होती. मग त्र्याहत्तर साल आलं, लष्कराचं राज्य आलं, मग वेगळीच भीती. आणि मग..." त्यांनी हात पसरले. "मग सवय झाली, बाई."

सवय. माझे वडील परक्या मुलखात खोकून मेले, माझी आजी लेकीचं तोंड न बघता गेली, आणि या माणसाला सवय झाली. त्या क्षणी त्याला मारायला माझा हात उचलला गेला होता, हे मी लपवत नाही. आईनं मारलं नाही. ती सगळ्यांकडं वळून म्हणाली, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" आणि दाराकडं चालू लागली. मागं गुद्रुननं बँडला खूण केली. बँड वाजू लागला. खरंच वाजू लागला. लोक कोकरू खायला उठले, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांनी माझ्या वडलांना कधी ना कधी खुनी म्हटलं होतं.

आठवड्यानं गुद्रुनचं पत्र आलं. तिला फार वाईट वाटलं होतं. पुढच्या आवृत्तीत तळटीप घालू : 'या घटनेबाबत वेगवेगळ्या आठवणी आहेत.' आईनं मला लिहायला बसवलं. "लिही. आठवणी वेगवेगळ्या नाहीत. एक खरी आहे आणि एक तुझ्या बापाची आहे. तळटीप नको. पान बदल." मी तसंच्या तसं लिहिलं. अजून उत्तर नाही.

रोसामेलकाकाही आले होते, पदक रुमालात बांधून. "हे तुमच्याकडं ठेवा," म्हणाले. आईनं दार अर्धंच उघडलं. "मला नको. खरं बोललास, ते मी ऐकलं. पण माझ्या घरात तुला बसायला जागा नाही." ते पावसात फाटकापर्यंत हळूहळू गेले. मला त्यांची दया आली आणि माझा मलाच राग आला.

आणि एका रविवारी निबाल्दो आला. हातात ताज्या पावांची पिशवी, अजून गरम. दारातच उभा राहिला. मोठा माणूस, मामासारखाच धिप्पाड.

"आत्या," तो म्हणाला, "आई जायच्या आधी तिला कळायला हवं होतं."

"हवं होतं," आई म्हणाली. "आणि तुला स्वतःहून विचारायलाही हवं होतं. अठ्ठावन्न वर्षं तोंड नव्हतं तुला?"

"नव्हतं."

"पाय पूस. आत ये. चिखल आणलास."

त्यानं तीन पाव खाल्ले आणि चौथ्याला रडू लागला. आईनं त्याला रडू दिलं. मग विचारलं, "तुझ्याकडं ट्रक आहे ना?"

जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या उन्हाळ्यात, खिंड मोकळी होती तेव्हा, आम्ही तिघं निघालो. आई मधे बसली, मांडीवर थर्मास घेऊन, आणि सीमेवरच्या चौकीत शिक्काही तिनंच मारून घेतला. पलीकडच्या त्या छोट्या गावात बाबांची कबर शोधायला दुपार गेली. लाकडी क्रॉस कधीच कुजून गेला होता. एका म्हाताऱ्या राखणदाराला जागा माहीत होती. "तो चिलियन? करवतीचा? हा इथं," म्हणाला. गवत वाढलं होतं. निबाल्दोनं आणि मी ते उपटलं.

मला वाटलं, आई आता सांगेल त्यांना. की सगळ्यांसमोर कबूल केलं, नाव धुतलं गेलं. तिनं कमरेवर हात ठेवले.

"बेलार्मिनो," ती म्हणाली, "तू एकदाच म्हणालास. 'मी मारली होती.' एकदाच! ओरडायला काय झालं होतं तुला? टेबल उलथायला काय झालं होतं? मी बोलले तर मला हसले, तू ओरडला असतास तर ऐकलं असतं कुणीतरी. आणि मग उठून निघून आलास, इथं, थंडीत. मला सोडून. माझी आई माझ्याशी न बोलता मेली. अठ्ठावीस वर्षं मी त्या खोलीत उभी राहिले, पाय गेले माझे. तुझं भांडण मी भांडले, तुझं! आणि तू इथं पडलायस गवतात."

निबाल्दो खाली मान घालून ट्रककडं निघून गेला. मी जवळ जायला लागले तर तिनं हातानं थांबवलं. ती खूप वेळ बोलत होती. हिवाळ्यातल्या पत्रांचं बोलली, न आलेल्या पत्रांचं बोलली. माझ्या भावाला बाबांचा चेहरा आठवत नाही, त्याचं बोलली. राखणदार दुरून बघत होता, त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली. शेवटी आईचा आवाज बसला. ती वाकली, गुडघे तिला वाकू देत नाहीत तरी वाकली, आणि मातीवर हात टेकून तशीच राहिली.

"आलेय मी," ती म्हणाली. "उशीर झाला. पण तुझाच दोष आहे तो."